मालतीबाईचा दम

सुरतेत बमरोलीच्या त्या गल्लीत मालतीबाईच्या हाताला सगळे वचकून असत. दोंडाईच्याकडची ही बाई लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा नवरा राघो पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होता, आणि ती साड्यांच्या घड्या घालायला जायची. तिथल्या मुकादमाने एकदा एका पोरीचा पदर ओढला. मालतीबाईने त्याची मानगूट धरून तोंड घडीच्या टेबलावर असं आपटलं, की पुढचे दात तिथेच सांडले. काम गेलं, पण गल्लीत मान वाढला. नळावर जुंपली की बायका तिला हाक मारायच्या. दारू पिऊन बायकोला बडवणाऱ्याच्या दारात ती कपडे धुवायची मोगरी घेऊन उभी राहायची, आणि चार तडाखे दिल्याशिवाय परतायची नाही. मारताना अंगात एक गोड गरमी चढते, हे तिने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. पण तिला ते ठाऊक होतं.

राघो गेला. साठी उलटली. आणि एका हिवाळ्यात तिला खोकला लागला तो सुटेचना. छातीत मांजराचं पिल्लू बसल्यासारखी कुईकुई. जिना चढताना मधेच कठडा धरावा लागे. मुलगा योगराज तिला दवाखान्यात घेऊन गेला. गुजराती डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात नळी दिली.

"माजी, जोरथी फूंको! अजून, अजून!"

मालतीबाईने सगळा जीव एकवटून फुंकलं. यंत्रावरची रेघ जराशी उठली आणि आडवी झाली.

"दमा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दमा? आमना घरमा कोणलेच नही. अन् या वयात?"

"या वयातही होतो, माजी."

औषधाचा एक पंप सकाळ-संध्याकाळ तोंडाने ओढायचा आणि चूळ भरायची. दुसरा, निळा, जवळ ठेवायचा, दम कोंडला की घ्यायचा. धूर, धूळ, मिरचीचा ठसका, उदबत्ती, सगळ्यापासून लांब राहायचं. घरी आल्यावर तिने निळा पंप फळीवर फेकला. पण पुढच्याच आठवड्यात मिरचीच्या फोडणीने तिला जमिनीवर बसवलं. सून हर्षदाने पंप तिच्या ओठांत धरला. तेव्हापासून फोडणी हर्षदाकडे आली आणि निळा पंप मालतीबाईच्या कमरेच्या पिशवीत.

हर्षदा सुरतेतच वाढलेली, हलक्या आवाजाची पोर. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. झुरळ दिसलं तरी दार उघडून त्याला वाट करून द्यायची. सासू तिला हसायची.

राघोचा धाकटा भाऊ लक्ष्मण भिंतीला भिंत लागून राहायचा. मिलमधलं काम सुटल्यावर तो भंगाराच्या धंद्यात शिरला होता. मागच्या मोकळ्या जागेत जुन्या वायरी पेटवायचा, वरचं प्लास्टिक जळालं की आतलं तांबं विकायचा. काळा, चिकट धूर थेट मालतीबाईच्या खिडकीत. योगराजने हात जोडून सांगितलं. तिनेही सांगितलं, "लक्ष्मण, मना जीव जाई ऱ्हायना रे."

"वहिनी, उभ्या गल्लीला मारलंस तू. धुराने मरशील होय?" तो हसला.

त्या सकाळी योगराज हजीऱ्याला कामावर गेला आणि मागे वायरी पेटल्या. मालतीबाईला खोकल्याची उबळ आली, डोळे पांढरे झाले. पंप ओढला. जरा श्वास उघडताच तिने एका हातात बादली आणि दुसऱ्यात मोगरी घेतली. बादली तिने जाळावर उपडी केली. भसकन वाफ उठली आणि सगळा काळा लोट तिच्याच तोंडावर आला.

लक्ष्मणने तिला ढकललं. तिने मोगरी त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. जाळ ढवळायची लोखंडी सळई त्याच्या दुसऱ्या हातात होती, ती त्याने वहिनीच्या खांद्यावर घातली. पुन्हा घातली. ती गुडघ्यांवर आली. मार तिने आधीही खाल्ला होता. पण या वेळी हवाच आत येईना, आणि आत होती ती बाहेर जाईना. तिचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. लक्ष्मणने सळई काखेत दाबून पंप हिसकावला.

"घे, फुंक आता!" म्हणत त्याने तो अजून न विझलेल्या निखाऱ्यांत टाकला. फट् आवाज झाला.

तेवढ्यात हर्षदा धावत आली. तिने सासूकडे पाहिलं, निखाऱ्यांकडे पाहिलं, आणि खाली पडलेली मोगरी उचलली. पहिला घाव लक्ष्मणच्या जबड्यावर बसला. तो आडवा झाला. सळई लांब उडाली. हर्षदा थांबली नाही. तोंडावर, छातीवर, पुन्हा तोंडावर. ओरडली नाही, रडली नाही. कणीक मळावी तशी एका लयीत मारत राहिली. लक्ष्मण आधी शिव्या देत होता, मग 'पोरी, पोरी' म्हणत होता, मग नुसता गुरगुरला.

जमिनीला गाल टेकवून मालतीबाई हे सगळं बघत होती. मार खालून कसा दिसतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं. तिला 'बस' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण त्याच्यापुरताही वारा छातीत नव्हता. ती कोपरांवर सरपटत गेली, सुनेचा पाय धरला. हर्षदाला कळलंच नाही. तेव्हा मालतीबाईने तिच्या पोटरीत कचकन दात रुतवले.

हर्षदा किंचाळली. मोगरी गळून पडली. खाली पाहते तो सासूचे ओठ निळे.

शेजाऱ्यांनी दोन रिक्षा केल्या. एकीत मालतीबाई, दुसरीत लक्ष्मण.

दवाखान्यात तोंडावरच्या मास्कमधून औषधाची वाफ आत गेली तेव्हा कुठे श्वास सुटला. हवालदार आल्यावर तिने मास्क बाजूला केला.

"मी मारं त्याले."

"पूर्ण सांगा, मावशी. कसं मारलं?"

"मोगरी..." पुढचं वाक्य खोकल्यात बुडालं. हवालदाराने तिलाच पाणी पाजलं. या छातीच्या बाईने असा मार दिला यावर त्याचा विश्वास बसला नाही.

लक्ष्मणचा जबडा तारांनी बांधला होता, एक डोळा कायमचा गेला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने विव्हळत, हातवारे करत सांगितलं की अंगावर पत्रा पडला. पुतण्याच्या बायकोने आडवं केलं हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. प्रकरण तिथेच मिटलं. वायरी जळणंही थांबलं.

मालतीबाई घरी आली. नळावर बायका आता हर्षदाला आधी पाणी भरू देत. एकजण कौतुकाने म्हणाली, "सासूची गादी चालवली पोरीने!" मालतीबाईने तिची घागर लाथेने उलथवली आणि तिथेच धापा टाकत खाली बसली.

एका संध्याकाळी पंप ओढून, चूळ भरून ती आत आली. हर्षदा मांडीवर साडी घेऊन बसली होती. टिकल्या तशाच वाटीत होत्या.

"आई, कुणाला मारून आलात की तुम्हाला झोप यायची?"

मालतीबाईने खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाली, "यायची. गाढ."

"मला नाही येत."

मालतीबाई तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. तिने साडीचं दुसरं टोक ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि वाटीतली एक टिकली उचलली.