गिरणीवाल्याचे क्रोसाँ

माझा आवाज मोठा आहे. पस्तीस वर्षं हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात पिठाची गिरणी चालवली. पट्टा फिरत असताना समोरच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलावंच लागतं, आणि तीच सवय माणसाबरोबर घरी येते. निदान मी तरी सगळ्यांना हेच सांगत आलो. भाजीत मीठ कमी पडलं की ओरडायचो आणि वर म्हणायचो, "अगं, मी रागावलो न्हाई, माझा आवाजच तसा हाय." बायको मान हलवायची. तिला ते पटलंय असं मी धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग नांदेडला दर तीन आठवड्यांनी केमोची सलाईन सुरू झाली. दुसऱ्या सलाईननंतर तिचं खाणंच बंद पडलं. भाकरीचा वास आला तरी ओकारी, वरणाचा आला तरी ओकारी. बावन्न किलोची बाई त्रेचाळीसवर आली. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, वजन चाळीसच्या खाली गेलं तर पुढचा डोस मला देता येणार नाही. काहीही खाऊ द्या, पण खाऊ द्या." मी उभा जन्म काट्यापुढं काढलेला माणूस. चाळीस हा आकडा असा डोक्यात शिरला की सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसायचा.

आमची लेक पुण्यात नोकरी करते. तिसऱ्या सलाईनला ती थेट नांदेडला आली आणि येताना एका बेकरीतून चॉकलेट भरलेले क्रोसाँ घेऊन आली. मी गाडी लावून, औषधं घेऊन वर गेलो तर बायकोच्या मांडीवर डबा आणि डब्यातले दीड क्रोसाँ गायब! "खाल्लं?" मी विचारलं. "खाल्लं, बाबा," लेक म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. आम्ही तासभर वाट पाहिली. ओकारी आली नाही. तेव्हा मी उरलेला एक हातात घेऊन नीट पाहिला. आपल्या खारीसारखे वर पापुद्रे, आत चॉकलेट. म्हटलं, सापडलं औषध.

हिंगोलीत विचारलं, कुणाकडं नव्हतं. पुण्याहून मागवावं तर भर उन्हाळ्यात दोन दिवसांच्या प्रवासात त्याचा पार लगदा व्हायचा. मग ठरवलं, घरीच करायचं. लेक फोनवर हसायला लागली. "बाबा, तुमाला चहा येत न्हाई."

"पीठ तर येतं ना? अख्ख्या गावाला पीठ दळून दिलं मी. तू नुसतं सांग."

तिनं सांगितलं. मैदा, खमीर, दूध, साखर असं मळून फुगू द्यायचं. मग लोण्याची एक थंडगार पोळी करायची, ती पिठाच्या पोळीत गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, फ्रीजमध्ये ठेवायची, पुन्हा लाटायची. असं तीनदा. पापुद्रे त्या घड्यांतूनच येतात. शेवटी तुकडे कापून आत चॉकलेटची वडी ठेवायची आणि गुंडाळून भाजायचं. बटर विकतचंच घ्या, पिवळं, कडक, असं तिनं दोनदा बजावलं. मी कशाचा ऐकतो! दारात म्हैस असताना विकतचं बटर? आणि घरची गिरणी असताना दुकानातला मैदा? आमचाच गहू दोनदा दळला, ओढणीतून चाळला. माझी माय ऐंशीची आहे, पण अजून रोज ताक घुसळते. तिचं दोन दिवसांचं लोणी मी साठवलं, ताटात थापलं आणि फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरभर तुपाचा वास.

आमच्या घरात लोणी तिसरा दिवस पाहत नाही. हा नेम मायला तिच्या सासूनं घालून दिलेला. लोणी दिसलं की कढवायचं आणि वर विड्याचं पान टाकायचं. घरात आजारी माणूस, त्यात शिळं लोणी नको, म्हणून तिनं पहाटेच उठून माझी ताटातली पोळी कढईत घातली होती. बरणी माझ्यापुढं धरून कौतुकानं म्हणाली, "बघ बरं, कसं रवाळ झालंय! सूनबाईच्या भातावर घाल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, लाज वाटते. माय सांडशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मला काय ठावं रे बाबा," एवढंच म्हणाली. बायको आतून उठून दाराशी आली होती, चौकट धरून. "अहो, तुपाचं बी जमंल की. काहून ओरडून राहिले आत्याबाईवर?"

"ओरडत न्हाई. आवाजच तसा हाय माझा."

ती भिंतीला धरत धरत परत जाऊन पडली.

पुढचा आठवडा नुसता धिंगाणा होता. दुसऱ्यांदा लोणी जमवलं, पण ते बिचारं उन्हाळ्यातलं, पाण्याचं, लाटताना चारी बाजूंनी बाहेर आलं. लेकीनं मागं घेऊन दिलेल्या ओव्हनमधून ट्रे काढला तर क्रोसाँ तुपात पोहून राहिले होते, खालून शंकरपाळ्यासारखे तळलेले. गव्हाचं पीठ तर घडीला घडी फाटत होतं. माय लांबून बघायची आणि म्हणायची, "एवढ्या घड्या तर लुगड्यालाबी पडत न्हाईत रे." मधेच एकदा अर्धे भाजलेले असताना लाईट गेली. मनगट भाजून घेतलं ते वेगळंच. शेवटी नाक मुठीत धरून हिंगोलीला गेलो आणि मैदा आणि पिवळं बटर घेऊन आलो. लेकीला सांगितलं नाही.

त्या वेळी मात्र जमलं. बेकरीसारखं नाही, पण वर पापुद्रे सुटले होते, रंग आला होता. माय माळकरी, घरात अंडं येत नाही, म्हणून वरून दूध फासलं होतं. एक क्रोसाँ ताटलीत घालून बायकोपुढं ठेवला आणि समोर पाट घेऊन बसलो. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला.

"कसा झालाय?"

"चांगला झालाय हो."

"खारट न्हाई ना?"

"न्हाई, बराबर हाय. ठेवा इथं, खाते हळूहळू. तुमी जा गिरणीवर, बायका खोळंबल्या असतील."

तासाभरानं घरी डोकावलो तर ताटली रिकामी! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तिथंच मायला हाक मारून ताटली दाखवली. माय म्हणाली, "हं," आणि मागं निघून गेली. त्या दिवसापासून आठ दिवस मी एक दिवसाआड क्रोसाँ केले. सकाळी दोन, संध्याकाळी एक असा डोस ठरवून टाकला. ताटली रोज रिकामी. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी ते पुराण ऐकवलं. एकजण म्हणाली, "काका, आता दळण बंद करा अन बेकरी काढा." मी म्हणालो, "काढीन की! तुझी काकू बरी होऊ दे." तिचे गाल वर आलेत असंही मला वाटायला लागलं होतं. जे पाहिजे ते माणसाला दिसतं.

चौथ्या सलाईनला नांदेडला गेलो. सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं. साडेचाळीस.

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हणालो.

"नाही काका, सकाळीच बघितलाय."

"मला सांगता काटा? जन्म गेला माझा काट्यावर!" सगळा व्हरांडा माझ्याकडं बघायला लागला. दुसरा काटा आणायला लावला. त्यावरही साडेचाळीस. आता फक्त अर्धा किलो उरला होता. डॉक्टरीणबाईंनी बायकोला विचारलं, "ताई, खाता ना तुम्ही?" बायकोनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "खाते." ती सलाईन दिली त्यांनी, पण स्पष्ट सांगितलं, अजून उतरलं तर पुढची नाही.

मला वाटलं, अन्न अंगी लागत नसेल. रोग खाऊन टाकत असेल. दुसरं काही सुचलंच नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ काढलं आणि मायला म्हणालो, "आता दुप्पट करतो. तिनाच्या जागी सहा."

माय मला परसात घेऊन गेली. शेळी खुंट्याला मान टाकून बसली होती.

"नको करू बाबा," माय म्हणाली. "शेळीला ढाळ लागलीय."

"शेळीचं काय इथं? मी काय बोलून राहिलो, तू काय बोलून राहिलीस!"

"तेच सांगून राहिले. ती खात न्हाई. एक घास तुझ्यासमोर खाते, तू गेलास का तेबी ओकून टाकते. बाकीचं माझ्या हातात देते. मी शेळीला घालते. तुला कळू देऊ नका म्हणली."

मी शेळीकडं बघत राहिलो.

"अन तू मला सांगितलं न्हाई? आठ दिवस? अगं, तिचा जीव जाईल माये!"

"कसं सांगावं? भेते रे ती तुला." माय मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मीबी भेते."

मला ते खरंच ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तुपाच्या दिवशी सांडशी धरलेला तिचा हात कसा थरथरत होता ते मी पाहिलं होतं, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. ती शेळीला पाणी दाखवायला गेली आणि मी आत आलो.

बायको खाटेवर बसली होती. पुढ्यात ताटली, त्यात एक क्रोसाँ, कोपरा मोडलेला. मी खाली जमिनीवर बसलो. आवाज एवढा खाली आणला की माझा मलाच परका वाटला.

"खरं सांग. कसा झालाय?"

"चांगला हाय की."

"शेळीचं कळलं मला."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"मी रागवत न्हाई. लेकीची आण. सांग."

तिनं ताटली थोडी लांब सारली. मग म्हणाली, "कडू लागतं हो. तोंडात लोखंड धरल्यावानी. अन त्या लोण्याच्या वासानं पोट ढवळतं."

"मग नांदेडला कसा खाल्लास?"

"तवा तुमी न्हवते तिथं. लेक म्हणली, मम्मी, नको वाटलं तर टाकून दे. मग खाऊ वाटलं."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी एवढं करून राहिले. कसं म्हणू नको?" मी ओरडलो नाही, तसा तिला थोडा धीर आला. "मला ताकातल्या कण्या पायजेत. पातळ. दोन महिने झाले, मनात हाय."

कण्या! ज्वारी भरडायची आणि ताकात शिजवायची! गिरणीवाल्याच्या घरात! दोन मिनिटांचं दळण, आणि ताक तर रोजचंच. त्या वेळी मला तिची दया यायला पाहिजे होती. आली नाही. इथं खोटं लिहून काय मिळवू? मला राग आला. तीन आठवडे पिठात घातलेले हात, भाजलेलं मनगट, गावभर मारलेली फुशारकी, आणि हिला कण्या पाहिजेत! मी दात आवळून बसलो. पण एकतीस वर्षं तिनं हे तोंड वाचलंय. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटली हळूच आपल्याकडं ओढून घेतली.

"न्हाई, तसा चांगला झालाय," ती म्हणाली. मोठा घास मोडून तिनं तोंडात घातला आणि माझ्याकडं बघत बघत चावायला लागली.