डार्लीनच्या तळघरातला गांजा

डार्लीन किवेलाने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला बर्फ एप्रिलपर्यंत ठाण मांडून बसतो. तिथे हे काम लेच्यापेच्याचं नव्हे. पोरं तिला टरकून असत. एकदा मागच्या सीटवरून गांजाचा वास आला, तर तिने बस सरळ शेरीफच्या कचेरीसमोर नेऊन उभी केली होती.

पुढे तिला नसांचा आजार जडला. पाय आखडायचे, पोटऱ्यांत असे गोळे यायचे की तोंडात टॉवेल कोंबून ती पडून राहायची. बस सुटली. गोळ्यांनी पाय सैल व्हायचे, पण डोकं बधिर व्हायचं. त्याच सुमारास राज्यात रुग्णांना गांजा वापरायची मुभा देणारा कायदा मतदानाने मंजूर झाला. खुद्द डार्लीनने विरोधात मत दिलं होतं. वर्षभराने डॉक्टरांनी विषय काढला तेव्हा ती ओशाळून हसली. मग तळघरात कुलपाआड चार रोपं आली आणि तिला झोप लागू लागली.

गावात कुजबुज झालीच. सर्वांत चढा आवाज ग्लेनिस ट्रेव्हॅरोचा. ती चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायची, "आज आजाऱ्यांच्या घरात आलाय, उद्या पोरांच्या दप्तरात येईल." डार्लीनची मुलगी ब्रिटा आणि ग्लेनिसची मुलगी पेज एकाच वर्गात होत्या, जिवलग मैत्रिणी.

हिवाळ्यात एके दिवशी डार्लीनला वाळवलेल्या गांजाची बरणी हलकी वाटली. ब्रिटा शाळेतून आली, बूट काढत होती.

"बरणीला हात लावलास?"

ब्रिटाने वर पाहिलं नाही. "एकदाच. पेज म्हणाली, तुमच्या घरी तर आहेच. तळघराची किल्ली कॉफीच्या डब्यात असते, हे मला ठाऊक होतं."

"मग?"

"दोन झुरके घेतले, आई. पेज हसत सुटली. मला मात्र तुझ्या खोलीतला वास आला. तू कण्हत पडतेस, तेव्हाचा. मला रडूच फुटलं. पेज म्हणाली, काय बाई तू, सगळी मजा घालवलीस."

डार्लीनने काठी जवळ ओढली. ओरडायला तोंड कुठलं होतं? किल्ली तिचीच, डबाही तिचाच. ती म्हणाली, "गाडी काढायला मदत कर. पेजच्या आईला सांगायला हवं."

"ती तुझी तक्रार करेल. तुझं औषध बंद होईल."

"होईल कदाचित."

ग्लेनिसने दार उघडलं. काठीवर रेललेल्या डार्लीनने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ग्लेनिसचा चेहरा दगडासारखा झाला.

"मी हेच म्हणत होते."

"म्हणत होतीस."

"तरी घरात ठेवलास."

"ठेवला. आणि ठेवणारही. पण किल्ली कुठेही टाकली, ती माझी चूक. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं."

ग्लेनिस तिच्या थरथरणाऱ्या पायांकडे पाहत राहिली. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "बस आधी. पडलीस तर उचलणार कोण?"

तिने तक्रार केली नाही. मात्र मुलींची गाठभेट बंद केली, आणि ब्रिटाला तो हिवाळा फार एकाकी गेला. डार्लीनने लोखंडी पेटी आणली. किल्ली गळ्यात बांधली.

दोन-तीन वर्षांनी शाळेने मुलांच्या पाहणीचे आकडे पालकसभेत मांडले: कायद्याआधी जितकी मुलं गांजा ओढत, जवळजवळ तितकीच आताही ओढत होती. सभेत कुणालाच ते पटलं नाही. डार्लीनला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आकडा खरा असेल. पण माझ्या घरचं पोर त्यात एक होतं, आणि ते माझ्या हलगर्जीपणामुळे. कायद्यातलं मला काही कळत नाही. कुलूप लावा, एवढं कळतं."

ब्रिटाने पुन्हा कधी हात लावला नाही. पेज मात्र ओढत राहिली; तिला तो दुसऱ्या एका मुलाकडून मिळायचा, ज्याच्या घरी कुणी आजारी नव्हतं. हे ग्लेनिसला कळलं त्या वसंतात ती एकदा न सांगताच डार्लीनकडे आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली. कुणाचं चुकलं याचा हिशेब दोघींनाही लागेना. तेव्हापासून दूरच्या मार्केट शहरातल्या इस्पितळात डार्लीनला ग्लेनिसच घेऊन जाते. वाटेत दोघी भांडतात, बहुतेकदा गाडी कशी चालवावी यावरून.