खिडकीकडे तोंड करून

लॅमिनेशनचा गरम वास आला की महाडमधल्या इंग्रजीच्या क्लासमधला माझा पहिला दिवस आठवतो. संचालक आम्हा नव्या शिक्षकांना नुकत्याच लॅमिनेट केलेल्या तक्त्यावरून संस्थेची मूल्यं तासभर समजावत होते. "मुलाला कधीही एकटं सोडायचं नाही," असं म्हणून त्यांनी तशी हमीपत्रं सहीसाठी वाटली. खिडकीतून खाली पायरीवर नाते गावची आमची एक विद्यार्थिनी एकटीच एसटीची वाट बघताना दिसत होती. एक मोटारसायकलवाला थांबून तिला मागं बसायला खुणावत होता. मी नुसता चुळबुळत राहिलो. झाडलोट करणाऱ्या मावशी मात्र उठल्या. "बसा मावशी, महत्त्वाचं चाललंय," संचालक म्हणाले. "तुमचं चालू दे सर, पोर खाली एकटी हाय." मावशी तिच्याशेजारी जाऊन बसल्या, तसा तो निघून गेला. तोवर माझी सही झाली होती. आता नव्या शिक्षकांचं स्वागत मीच करतो. त्यांच्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडतो.