मुठीवरचे दात

जवसाच्या तेलाचा वास आला का माहे पाय आपोआप थांबतात. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घाणी आहे. कोवळी थंडी पडली, ऊन पिवळं होऊन भिंतीवरून हळूहळू उतराले लागलं, का तिथून तो वास निघते, जड, जरासा कडू, कोणी ओलं गवत हातात कुस्करावं तसा. लोकायले त्या वासानं चटणी आठवते, भाकर आठवते. मले आमची अमरावतीची खोली आठवते, आणि दारातल्या उन्हात मांडी घालून बसलेले आमच्या पोट्टीचे, पिहूचे पप्पा, मांडीवर आडवी लाकडी काठी, हातात तेलाचं फडकं, आणि त्या काठीवरून वरून खाली, वरून खाली जाणारा त्यायचा हात.

काठी म्हटलं का ते चिडत. "काठी गुराले माराले असते वो. हा क्यू हाय."

ते स्नूकरच्या क्लबात कामाले होते. टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं झाडाचं, बॉल मांडाचे, दिवे लावाचे. आणि मोकळ्या वेळात मोबाइलवर जुन्या क्यूचे लिलाव पाहाचे. कुठून कुठून येत ते, कोलकात्याहून, इंदूरहून. कोण्या म्हाताऱ्याचा खेळ सुटलेला, कोणाचा बाप गेलेला, आणि त्याचा हातानं घडवलेला क्यू असा फोटोत निजलेला. मुठीशी दोन रंगाची लाकडं एकमेकात बाणाच्या टोकासारखी घुसवलेली असत. मशीनच्या क्यूत ते बाण एकसारखे, हाताच्या क्यूत एक जराक उंच, एक जराक ठेंगणा. त्यावरूनच ते ओळखत. बोली लावत, घेत, टोकाची चामड्याची टिप बदलत, जवसाचं तेल पाजत, मंग खेळणाऱ्या पोट्ट्यायले विकत. पण जुन्या मालकाच्या अंगठ्यानं जिथं लाकूड झिजलेलं असे, तिथं त्यायनं कधी घासकागद लावला नाई. म्हणत, "त्यानं जिंदगीभर इथं हात ठेवला, आपून कोण पुसणारे?"

लिलाव संपत आला का ते बोटानं मले गप करत. "श्वास नोको घेऊ, भाव वाढते!" आणि मी वेडी, पिहूले छातीशी धरून खरंच श्वास रोखून बसाची, जसं काही माह्या नाकातल्या वाऱ्यानंच समोरच्याले समजणार होतं.

त्यातला एक त्यायनं विकलाच नाई, स्वतःसाठी ठेवला. पिहूले तेव्हा दात येत होते, हिरड्या शिवशिवत. रांगत जाई आणि त्याच क्यूच्या मुठीले तोंड लावे. एक दिवस मी पाहिलं तं मुठीच्या पॉलिशात बारीक बारीक खळगे, गव्हाच्या पिठात चिमणीनं चोच मारावी तसे. मले वाटलं, आता हे ओरडतात. त्यायनं क्यू उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला, आणि हसले. "घ्या! आता हा कोणालेच विकता येत नाई. पोट्टीनं सही केली यावर."

मागच्या हिवाळ्यात, तिवशाहून येता येता, सकाळच्या धुक्यात रस्त्यावर उभा असलेला ट्रक त्यायले दिसला नाई. इथून पुढं माह्यानं लिहिल्या जात नाई.

मायनं मले अकोल्याले आणलं. मागं खोली खाली कराची होती, माहा देर एकटाच धावत होता, त्यानं सगळे क्यू एका व्यापाऱ्याले एकगठ्ठा देऊन टाकले आणि पैसे आणून माह्या हातात ठेवले. त्याले काय माहीत कोणता कोणाचा. पिहूच्या दाताचा क्यूही त्यातच गेला हे समजलं तेव्हा उंबऱ्यातच उभा राहिला, आत येईना. "वैनी, एक डाव विचारलं असतं मी तं..." एवढंच म्हणे. मीच त्याले आत बोलावलं, त्याचा तं भाऊ गेला होता.

मोबाइल त्यायचाच वापरते मी. अजून त्यायच्या नावानं निरोप येतात, का तुमच्या आवडीचा क्यू आला आहे, पाहा. त्या मोबाइलले कोण सांगणार. पोळा झाला आणि एक दिवस दुपारी असाच निरोप आला, मी फोटो उघडला, आणि दोन बोटानं मोठा केला. तेच बाण, एक उंच, एक ठेंगणा. मूठ. आणि मुठीवर ते खळगे. खाली इंग्रजी होतं. माही शाळा आठवीत सुटली, अक्षराले अक्षर लावत वाचलं, का मुठीले खराबी आहे. खराबी!

तरी जीव मानेना. दुसराच निघाला तं? विकणाऱ्याले हिंदीत लिहून पाठवलं, "भैया, मूठ पर छोटे दाँत के निशान हैं क्या? सच बताना." त्याचा निरोप आला, "हाँ बहनजी, थोड़े हैं. झूठ नहीं बोलेंगे."

लिलावाच्या दिवशी माय तूर निवडत बसली होती आणि मी कोपऱ्यात मोबाइल धरून. देरानं दिलेले पैसे मी तसेच ठेवले होते, त्यायलेच हात लावला. कोणीतरी एक होता तिकडं, मी बोली लावली का तोही लावे. त्याचं तोंड नाई, आवाज नाई, नुसता आकडा हाले, आणि मले वाटे का पिहूलेच कोणी माह्या हातातून ओढून राहिलं.

"लाकडासाठी एवढा जीव टाकतं काय वो? बाजारात काय लाकडं सरली?" माय म्हणे.

"माय, बोलू नोको. श्वास नोको घेऊ."

"आता श्वासही नोको घेऊ? बरं बाई."

आणि खरंच ती थांबली, सुपातला हात सुपातच. पडदा हिरवा झाला. क्यू माह्या नावानं, म्हणजे त्यायच्या नावानं, सुटला. मी रडली, मायही रडली, तिले तं समजलंही नव्हतं का झालं काय.

पार्सल आलं त्या दिवशी देर मुद्दाम अमरावतीहून आला. लांब नळी होती, त्यानं चाकूनं चिकटपट्टी कापली आणि मंग चाकू खाली ठेवून म्हणे, "वैनी, तुमीच काढा." मी काढला. आरशासारखा चमकत होता. पॉलिशचा नवा, तिखट वास. मूठ उन्हात धरली, फिरवली, परत फिरवली. एकही खळगा नव्हता. बाण तेच, एक उंच, एक ठेंगणा; आपलाच होता, पण जसं काही त्याले कोणाचा हात का दात कधी लागलाच नव्हता.

मंग मोबाइल पाहिला. विकणाऱ्याचा निरोप सकाळीच येऊन पडलेला. "बहनजी, आप निशान को लेकर परेशान थीं. हमने घिसकर बिलकुल नया कर दिया. इसका कुछ नहीं लगेगा."

"चांगला माणूस दिसते बिचारा," माय म्हणे. देर खाली बसून चिकटपट्टीचे तुकडे गोळा कराले लागला. मलेही त्या विकणाऱ्याचा राग आला नाई. कोण्या गावात बसून त्यानं माह्यासाठी घासलं असन, पुसलं असन, उजेडात धरून पाहिलं असन का आता तं काही राहिलं नाई ना. मी त्याले धन्यवाद लिहिलं. दुसरं काय लिहिणार होती?

आता दुपारी घाणीवरून तेल आणते आणि दारातल्या उन्हात बसते, वरून खाली, वरून खाली. काल पिहू जवळ येऊन बसली. मले काय झालं कोण जाणे, मी मूठ तिच्या तोंडाशी नेली. "चाव ना वो बाई. एकडाव चाव."

तिनं माह्या तोंडाकडं पाहिलं आणि खळखळून हसली. "आई! लाकूड खातेत काय कोणी?"

सगळे दात आलेत तिले आता. हसली का दिसतात.

ती अंगणात पळाली. मी फडकं फिरवत राहिली. आता तिथं काहीच नाई, गुळगुळीत आहे सगळं, पण हात खाली येता येता बोट अजून त्याच जागी थांबते.