मे महिना, फोंडा घाट आणि तेवीस वर्षांच्या व्हॅनचं ऑइल

देवगडला आपल्या व्हॅननेच जायचं, असं मी जाहीर केलं आणि सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लगेच अट घातली. व्हॅन तेवीस वर्षांची. कोल्हापुरातलं एक गिऱ्हाईक तिच्यावर डोळा ठेवून होतं. वाटेत इंजिनाने जरा जरी कुरकुर केली, तर परत आल्यावर विकायची, असं ठरलं. मे महिन्याच्या उन्हात मी ही अट हसत मान्य केली!

निघायच्या आदल्या दिवशी मी लाडाने तिच्यात दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल भरलं. डब्यावर ५डब्ल्यू-३०. नव्या गाड्यांना हेच लागतं, असं दुकानदार म्हणाला. मला वाटलं, आमच्या म्हातारीनेही जरा चैन करावी.

सकाळी सहाला राधानगरीमार्गे निघालो. दाजीपूरचं जंगल, मग फोंडा घाट, वळणावर वीस रुपयांना द्रोणभर करवंदं. मी मोठ्याने गात गाडी हाकत होते. घाट उतरून फोंड्याच्या बाजारात एसटीमागे थांबले आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला. रेस केली की विझायचा, सोडली की पुन्हा हजर. सुहास करवंदं खात खिडकीबाहेर बघत होता. मी गप्प राहिले आणि तशीच देवगडपर्यंत गेले. तुम्ही असलं काही करू नका. दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

दुसऱ्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक सुहासला बंदरावर माशांचा लिलाव दाखवायला घेऊन गेले. जेवायला एक वाजेपर्यंत येणार होते. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले आणि ते वळताच व्हॅन घेऊन थेट शेजारच्या जामसंडे गावातलं गॅरेज गाठलं.

तिथले बाबी मेस्त्री आंब्याचे टेम्पो दुरुस्त करतात. त्यांनी पट्टी काढून पाहिली, ऑइल पुरेसं होतं. पण लगेच हात लावायला तयार नाहीत. म्हणाले, "आधी उन्हात फिरवून आणा. थंड इंजिन खोटां बोलता." घड्याळात साडेअकरा! मी तापलेल्या रस्त्यावर वीस मिनिटं चकरा मारून आले. गाडी उभी केली आणि दिवा लुकलुकला.

मेस्त्रींनी बोटावर ऑइल चोळलं. "ह्या ऑइल वायट नाय, पण ह्या इंजिनाक नको. जुन्या इंजिनात फटी वाढतत. तापला की ह्या पाण्यासारख्या पातळ होता, मगे दाब खंयसून येतलो?"

मग २०डब्ल्यू-५० घातलं, फिल्टरही बदलला. त्यांनी समजावलं ते असं: पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. दुसरा जितका मोठा, तितकं ऑइल गरम होऊनही दाट राहतं. गाडीच्या पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी ही ग्रेड दिलीय ना, तेही त्यांनी मला तपासायला लावलं. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. इंजिन पुन्हा तापवलं, दहा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवलं. दिवा नाही! मला मेस्त्रींच्या पाया पडावंसं वाटलं. एकला पाच कमी असताना मी घरी पोचले आणि डोक्याला बाम चोळून बसले.

पुढचे दोन दिवस नुसती धमाल. आचऱ्यावरून मालवणला गेलो. वाटेत रस्ता अरुंद आहे, समोरून डंपर आला की कडेला थांबा. मालवणात सुरमईची थाळी साडेतीनशेला, सोलकढी मागाल तेवढी. परतताना घाट सुहासने चढवला, भर दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये. त्याची नजर सारखी डॅशबोर्डकडे जात होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आलो त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. गाडी विकायची नाही, असं सुहासने त्याला सरळ सांगितलं. मला इतका आनंद झाला की गप्प बसवेना. फोंड्याचा दिवा, खोटी डोकेदुखी, जामसंडे, सगळं सांगून टाकलं. अट मी मोडली होती.

"दिवा मी फोंड्यालाच पाहिला होता," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर विकायला लागली असती."