अण्णांचे खांदे का दुखायलेत

मित्रांनो, अंग अण्णांचं दुखायलंय, पण आज चैन मला न्हाई.

अण्णा म्हणजे माझे वडील. पन्नाशीत मोटारसायकल शिकले. तेव्हापासून आई त्यांचे खांदे तेलानं चोळते, कमरेला मिठाचा शेक देते. मी चिडायचो, "एसटीनं जात जा की!"

आज ताडकळसच्या बाजाराला म्हणून त्यांच्या मागं बसलो आणि दुखणं कळलं. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस! गाडी थांबवायची म्हटलं की कासरा ओढावा तसं हँडल ओढून मागं रेलतात, मग ब्रेक.

"अण्णा, हे बैल न्हाईत. हात सैल सोडा!"

"अन् उधळली तर?"

तरी कोपरं ढिली केली. पण बाजाराकडं न जाता अण्णांनी गाडी, मला जिच्याशी लग्न करायचंय तिच्या गावाकडं वळवली. मी कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तिच्या वडिलांनी नकार दिला होता, आणि मी तिथं भांडून आलो होतो. आपल्याकडं पोराचा बाप आपणहून पोरगी मागायला जात न्हाई. अण्णा मात्र मला न सांगता तिथं खेपा घालायलेत, हे आज कळलं.

उतरल्यावर त्यांची कंबर सरळ होईना. माझा खांदा धरून म्हणाले, "थांब जरा. वाकून गेलो तर बरं दिसंल का? तू हितंच ऱ्हा, तोंड उघडू नको."

मग ताठ चालत गेले. परत आले तेव्हा हसत होते. "अजून 'हो' म्हणले न्हाईत. पण आज चहा दिला. परत यावं लागंल."

मित्रांनो, खरं सांगा, मी कॉलेजात परत गेलो तर त्यांची एखादी खेप वाचंल का?