बोलण्याचे गुण

मेधा गेल्याचं तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. एका पेशंटचा गुडघा वाकवताना "जरा थांबा" म्हणाली, खुर्चीवर बसली आणि... मेंदूत रक्तस्राव. मी विचारलं, "कोण मेधा?" शाळेपासूनची मैत्रीण, आणि मी आडनाव विचारत होते.

तिची आई ऑस्ट्रेलियात, मेधाच्या भावाकडे. आईची तब्येत ढासळल्यापासून मेधाला तिकडे कायमचं जायचं होतं. तिथे राहण्याचा परवाना मागणाऱ्या कुशल माणसांना गुण देतात: वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी. तिची पदवी आणि अनुभव मान्य झाले. वयाचे गुण पुढच्या वाढदिवसाला घटणार होते. अडलं ते इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत. वास्तविक तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. परीक्षकांनी तिच्या शहराविषयी विचारलं. ती म्हणाली, चांगलं आहे. का चांगलं? मी राहते म्हणून. स्वयंपाक आवडतो? नाही.

"अगं, बोलण्याचे गुण असतात," मी म्हटलं.

"विचारलं तेवढं सांगितलं. उगाच पाल्हाळ कशाला?"

"तिकडे जायचंय ना?"

"तिकडे नाही... आईकडे जायचंय."

मग ती रोज एका विषयावर इंग्रजीत बोलून, फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवू लागली. मी उत्तरात "अजून लांबव" लिहायचे. "पुण्यात राहून हे शिकवतेस?" असं तिचं त्यावर. दुसऱ्या खेपेला हवे तेवढे गुण मिळाले. अर्ज गेला. निर्णय यायचा होता.

तिला जाऊन महिना होत आला. सकाळी चहा घेताना अजून हात फोनकडे जातो. आज काय विषय असेल...

मागच्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. "तिचा आवाज आहे का गं तुझ्याकडे? माझ्याशी 'बरी आहे, ठेवते' एवढंच बोलायची."

मी एक रेकॉर्डिंग पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला.

"मला इंग्रजी कळत नाही. नातवानं सांगितलं, मंडईतल्या तोंडल्यांबद्दल बोलतेय म्हणून. कोवळी कशी ओळखायची, ते. मीच शिकवलेलं." मग म्हणाल्या, "आणखी असतील तर पाठव. इंग्रजीत असली तरी चालतील."

रोज एक पाठवते.